उजवा अंगठा

बाबांची मासेमारीची बोट बुडाली तेव्हा बाकीच्या खलाशांच्या घरी भरपाई पोचली. या आई-लेकीच्या घरी मात्र बोटमालकाचा निरोप आला, ‘तुमचा माणूस आदल्याच बंदरात उतरून गेला.’ दुसरा घरोबा केला असणार, म्हणत आईनं मरेपर्यंत त्यांच्या नावानं बोटं मोडली. लेकही तेच ऐकत म्हातारी झाली. आज बंदराच्या दफ्तरखान्यातल्या कारकूनबाईंनी त्या बोटीचं जुनं खलाशीपुस्तक, मालकानं तेव्हा जमा केलेली खलाशांच्या चढ-उताराची वही, तिच्यासमोर उघडलं. “हे बघा मावशी, ‘स्वखुशीने उतरला.’ खाली उजवा अंगठाही उठवलाय. आता कसली शंका?” ठसा ठसठशीत होता. लेकीनं चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पिशवीतून बाबांचा उजवा हातमोजा काढून शेजारी ठेवला. मोज्याचा अंगठा कापून आईनंच भोक शिवलं होतं. “जाळं ओढायच्या चाकात बाबांचा हा अंगठा वर्षभर आधीच तुटलेला. मग हा ठसा कुणाचा? आईला हे पान कुणी दाखवलंच नाही.”