बाटल्या धुण्याचं मशीन

प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि कुरुंद्याजवळचा कोल्ड्रिंकचा कारखाना बंद पडला. तिथं सतरा वर्षं काचेच्या बाटल्या धुण्याचं मशीन चालवलेल्या नरसिंगला दोन वर्षांनी मालकाचा निरोप आला, "मशीनला गिऱ्हाईक येऊन राहिलं, चालू करून दाखव." "नव्या मालकाला चालवायला माणूस लागंलच की," तो बायकोला म्हणाला. तीन दिवस खपून त्यानं गंजलेले फवारे मोकळे केले. गिऱ्हाईकासमोर कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यातून बाटल्या लखलखीत बाहेर आल्या. एक उजेडाकडं धरत त्यानं विचारलं, "सायेब, मी कवापासून येऊ?" "कशाला? मोटर चालते का, एवढंच बघायचं होतं. बाकी भंगारच." गिऱ्हाईकाच्या माणसानं गॅसकटर पेटवला. कटर मशीनच्या टाकीला भिडणार, तोच नरसिंग ओरडला, "थांबा! आत अजून कॉस्टिक हाय, कातडं सोलून निघंल!" मग स्वतःच वाकून त्यानं टाकी रिकामी करायचा कॉक उघडला.