मापं

शिक्षिका जवळ आली तशी टेलरताईच्या पडद्यावरची फाइल बंद झाली. या आठवड्यातली ही चौथी वेळ.

"काय चाललं होतं?"

"सराव, मॅडम." टेलरताई पडद्याकडे पाहतच नव्हती. ती शिक्षिकेच्या खांद्यांकडे पाहत होती, माप घेत असल्यासारखी.

मानसिक आजारातून सावरणाऱ्या मोठ्या माणसांचा हा कॉम्प्युटरचा वर्ग होता. सहा टेबलं, सहा विद्यार्थी, वेळ दहा ते तीन. टेलरताई सतरा वर्षं ब्लाउज शिवून मग आजारी पडली होती. शुक्रवारची परीक्षा पास झाली, तर गणवेशांच्या कारखान्यात मापांच्या नोंदी ठेवायचं काम तिची वाट पाहत होतं. तिच्या शेजारी पोस्टमनकाका बसायचे. ते प्रत्येक कळ दणकन हाणायचे.

"काका, कळ दाबायची असते, शिक्का नाही मारायचा," टेलरताई म्हणायची.

"आणि तुझं काय? कात्रीचं चित्र दिसलं की तुझा हात शिवशिवतो!"

सगळे हसायचे. हल्ली मात्र शिक्षिका वळली की हसू थांबायचं.

वर्गाची सुरुवात रोज एकाच कामाने होई. प्रत्येकाने स्वतःचा तक्ता उघडायचा. झोप, जेवण, बोलणं, मन. दहापैकी आकडे भरायचे. आकडा चारच्या खाली गेला की ते घर आपोआप लाल. हे सूत्र शिक्षिकेनेच शिकवलं होतं. भिंतीवरचा कागदही तिच्याच अक्षरातला होता: 'सलग तीन दिवस लाल दिसलं, तर वाट पाहू नका. कुणाला तरी सांगा.'

तिचा करार महिनाअखेरीस संपणार होता. तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे व्यवस्थापक ठरवणार होते. ही नोकरी गेली तर तिला सकाळी घराबाहेर पडायलाही कारण उरलं नसतं. आई गेल्यानंतर घरात दुसरं कोणी नव्हतं.

आणि दोन आठवड्यांपूर्वी जिन्याखाली तिने दोन आवाज ऐकले होते.

"सांगायलाच हवं," पोस्टमनकाका म्हणत होते. "पण तिच्या नोकरीवर गदा आली तर?"

"पुरावा हवा, काका. नुसतं तोंडाने सांगितलं तर आपल्यालाच वेड्यात काढतील. आपलं कोण ऐकतंय?"

शिक्षिका विज्ञान शिकलेली होती. नोंदीशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही तिची सवय. तिने वही केली. कोण कधी पाहतं, किती वेळ, कुणाशी कुजबुजतं. अकरा दिवसांत त्रेचाळीस नोंदी झाल्या. एकट्या टेलरताईच्या एकोणीस.

एक वाजता सगळे जेवायला गेले. शिक्षिकेने डबा खणात सरकवला. खण नीट बसेना, तिने तो गुडघ्याने रेटला. मग ती एकेका कॉम्प्युटरपाशी बसली.

पाचव्या, टेलरताईच्या टेबलावर तिला धागा सापडला. सामायिक फोल्डरमध्ये 'मापं' नावाची फाइल होती. फाइलला पासवर्ड होता. साही कॉम्प्युटरांवरून ती रोज उघडली जात होती, आणि अकरा दिवसांत एकही दिवस चुकला नव्हता.

कारखान्याची मापं सहा जण कशाला भरतील?

"मॅडम, जेवलात?" दारात टेलरताई उभी होती, तिच्या मागे पोस्टमनकाका.

"तुम्हाला काय करायचंय?"

 टेलरताईने जागेवर येऊन दोन-तीन कळा दाबल्या आणि पडद्यावरची खिडकी बंद केली.

"ही फाइल उघडा."

"अजून पुरी नाही झाली, मॅडम."

"कुणासाठी करताय?"

टेलरताईने काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली. "साहेबांना दाखवायची होती," ती म्हणाली.

म्हणजे खरंच होतं. शिक्षिकेला राग आला नाही, उलट हायसं वाटलं. त्रेचाळीस नोंदी खोट्या नव्हत्या.

"ठीक. मग आत्ताच दाखवू. आणि शुक्रवारच्या परीक्षेच्या यादीत तुमचं नाव राहणार नाही, हेही त्यांच्यासमोरच सांगते."

 बोटात नसलेली अंगठी फिरवावी तशी टेलरताई सुई धरायचं बोट चोळत राहिली. मग उठली. "चला," ती म्हणाली. काकाही न सांगता मागोमाग आले.

व्यवस्थापकांच्या टेबलावर शिक्षिकेने वही ठेवली, वहीवर परीक्षेची यादी, यादीवर पेन. "सर, हे लोक माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करताहेत. माझ्याकडे तारीखवार नोंद आहे."

व्यवस्थापकांनी कॉम्प्युटर टेलरताईकडे वळवला. "उघडा बघू."

तिने सावकाश पासवर्ड टाकला. एकेक कळ, चूक न करता.

तक्ता उघडला. वर्गातलाच तक्ता, तेच चार रकाने. नावाच्या घरात लिहिलं होतं 'मॅडम'. झोपेच्या रकान्यापुढे कंसात 'डोळ्यांवरून अंदाज'. खाली अकरा ओळी. 'आजही डबा उघडला नाही. खणात पाच डबे झालेत.' 'काका हसले, तर माझ्यावर हसलात का म्हणून विचारलं.' 'स्वेटर उलटा, दिवसभर.' 'वहीत आमची नावं आणि वेळ लिहितात.' शिक्षिकेने सवयीने सूत्र तपासलं. बिनचूक होतं. पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत सगळा तक्ता लाल होता.

"तीन दिवसांचा नियम होता, मॅडम," टेलरताई म्हणाली. "अकरा झाले. आम्हीच घाबरलो."