खालची जागा

चार खुर्च्यांच्या पाठींना गोधडी ताणून बांधायची आणि स्टूल ओढून शिवत बसायचं, हा गोधडीवाल्या आजींचा लहानपणापासूनचा शिरस्ता. तेव्हा गोधडीखाली धाकटी बहीण बसायची. वरून आलेली सुई ती परत वर पाठवायची. कंटाळा आला, की खालून दोरा दोनदा ओढायची. मग जागांची अदलाबदल व्हायची.

एका अर्धवट गोधडीखालून धाकटी तापाने फणफणत उठली, ती परत बसायला आलीच नाही. त्याला साठ वर्षं झाली. तेव्हापासून आजींचा एक हात वर, एक खाली. शिवणं मात्र सुटलं नाही.

"एवढ्या नक्षी सुचतात कुठून हो?" गिऱ्हाइकं विचारायची.

"कुणीतरी खालून बघतंय असं समजायचं, की सुचतात," आजी म्हणायच्या.

आज भर दुपारी त्यांनी सुई खाली टोचली, आणि खालच्या हाताला लागण्याआधीच ती वर आली. टाका जरा तिरपा पडला. धाकटीचा तिरपाच पडायचा.

आजींनी वाकून पाहिलं नाही. पुढचा टाका घातला. सुई वर आली.

"किती वाट बघायला लावलीस गं," त्या म्हणाल्या.

"आई, कुणाशी बोलताय?" आतून सुनेने विचारलं.

"कुणाशी नाही. शिवतेय."

एवढ्यात दोरा ओढला गेला. दोनदा.

"आले गं बाई, आले." आजी गुडघे धरत उठल्या, गोधडीखाली शिरल्या आणि मांडी घालून बसल्या. खाली कुणीच नव्हतं.

वर स्टूल करकरलं. मग सुई खाली आली.