अस्वलाखालची ओळ

ऑर्लिनने अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला सबंध हिवाळा गॅरेजमध्ये घालवून कॉम्प्युटरमधल्या फाइलबरहुकूम लाकूड कोरणाऱ्या आपल्या सीएनसी मशीनसाठी गरुडाचं डिझाइन तयार केलं. त्याच्या लाकूडकामाच्या क्लबमधल्या ड्वेनने ती फाइल गुपचूप उचलली, आपल्या मशीनवर कोरली आणि जत्रेत पहिलं बक्षीस मारलं. वर छातीवरची पहिल्या बक्षिसाची निळी फीत दाखवत ऑर्लिनलाच म्हणाला, "म्हाताऱ्या, तूही शीक की असं काहीतरी!"

पुढच्या हिवाळ्यात ऑर्लिनने अस्वलाचं डिझाइन तयार केलं आणि फाइल क्लबच्या कॉम्प्युटरवर ड्वेनला सहज दिसेल अशी ठेवून दिली. आयत्या बिळावरचा नागोबा बीळ तपासत बसत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यंदा ड्वेनने जत्रेत सगळ्यांसमोरच मशीन लावलं. "हे अस्वल माझ्या डोक्यातून निघालंय बरं का, मंडळी!" दोन तासांत फळीवर अस्वल उमटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्वेनने लवून मुजरा केला.

मशीन मात्र थांबलं नाही. ते अस्वलाच्या पायांखाली सरकलं आणि अक्षरं कोरू लागलं. लोक एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले, "हे... डिझाइन... चोरलेलं... आहे."

ड्वेन लाल बटणावर झेपावला.

पहिल्या रांगेत लिंबू सरबत पीत बसलेला ऑर्लिन ओरडला, "अरे, बंद नको करूस! अजून माझं नाव यायचंय."