सगळे एकत्र जेवता का?

“सगळे एकत्र जेवता का?” विद्यापीठाच्या बाईंनी विचारलं.

“रोज रात्री,” आई म्हणाली. “हे आल्याशिवाय मी ताटं घेतच नाही.”

सोफ्याच्या टोकाला बसलेल्या मुलीने चमकून आईकडे पाहिलं. बाबा घर सोडून गेल्याला तीन वर्षं होत आली होती. रात्री मायलेकी टीव्हीसमोर बसून जेवत, बहुतेक वेळा न बोलता.

घरातलं वातावरण आणि मुलांचं सुख, असा बाईंच्या अभ्यासाचा विषय होता. मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून त्या येत होत्या. आधी वर्षातून एकदा. हल्ली महिना उलटला की बेल वाजायचीच. मुलगी त्यांना मनातल्या मनात चौकशीबाई म्हणायची.

“आणि तुझं काय गं? घाबरलीस तर आधी कुणाला सांगतेस?”

“आईला. तुम्ही कुणाला सांगता?”

बाईंचं पेन थांबलं. “हा प्रश्न यात नाही, बाळ,” त्या हसून म्हणाल्या.

आईने मुलीकडे बघून डोळे वटारले आणि बाईंचा कप पुन्हा भरला.

प्रश्न संपले तरी बाई उठल्या नाहीत. गुडघेदुखी झाली, नवे पडदे झाले, वरच्या मजल्यावरचं भुंकणारं कुत्रं झालं. दारात चपला घालतानाही त्यांना काहीतरी आठवतच होतं.

दार लागलं तशी मुलगी उसळली. “धडधडीत खोटं बोलतेस! त्या उद्या पुस्तकात लिहितील, बाप रोज जेवायला घरी असतो म्हणून पोरगी सुखात आहे!”

“लिहू देत,” आई कप विसळत म्हणाली. “आपली लक्तरं वेशीवर कशाला टांगायची?”

“मला नाही जमत हे नाटक.”

आईने नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी मुलीने विद्यापीठात फोन लावला. आमची उत्तरं खोटी आहेत, ती काढून टाका, एवढंच तिला सांगायचं होतं. या विभागातून त्या विभागात फोन फिरत राहिला. शेवटी एक गृहस्थ भेटले.

“तो अभ्यास? तो तर केव्हाच बंद झाला. मॅडमही निवृत्त झाल्या. इकडे फिरकत नाहीत आता.”

आई शाळेचा गणवेश इस्त्री करत होती. मुलीने एका दमात सगळं सांगून टाकलं.

“आई, त्या आपल्याला चक्क बनवतायत! येऊ देत आता, तोंडावरच विचारते.”

आईने इस्त्री उभी करून ठेवली.

“काही विचारायचं नाही,” ती म्हणाली. “अभ्यास बंद झालाय, ते मला माहीत आहे. आणि बाबा इथे राहत नाहीत, ते त्यांना.”