चुकीचं उत्तर

भक्तीच्या महारुद्रला ऑटिझम होता. चार वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडून एकही शब्द आला नव्हता. सेलूत थेरपिस्ट नाही, म्हणून मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून पुण्याच्या मॅडमकडून थेरपी चालू होती. मॅडम शिकवत असताना आईनं मध्ये बोलायचं नाही आणि चुकीच्या उत्तराचं कौतुक करायचं नाही, हे नियम पहिल्याच दिवशी ठरले होते.

त्या दिवशी मॅडमनी पेरूचं चित्र दाखवलं. "हे काय आहे?"

महारुद्र चित्राकडं बघून स्पष्ट म्हणाला, "जाम."

भक्ती ताडकन उठली. "मॅडम, माझं लेकरू बोल..."

"आई, मध्ये बोलू नका. जाम बाटलीत असतो. आता लाड केलेत तर चुकीचंच पक्कं होईल. तोंड फिरवा."

भक्तीनं तोंड फिरवलं. महारुद्र तिचा पदर ओढत पुन्हा म्हणाला, "जाम." मग आणखी एकदा, हळू. मग दोन्ही कानांवर हात ठेवून तो भिंतीकडं सरकला आणि गप्प झाला.

"बघा, थांबला की नाही?" मॅडम खूश होत्या. "हं, आता बोला. काय म्हणत होतात?"

 

"आमच्या परभणीकडं पेरूला जामच म्हणतेत, मॅडम. लेकरू पहिल्यांदा बोललं, बरोबर बोललं, अन् तुमचं ऐकून मी त्याला पाठ दाखवली."