अंग चोरलेली अक्षरं

बायको गेली आणि घर घड्याळजींना खायला उठलं. दुकानाच्या खणात साठलेल्या तिच्या चिठ्ठ्या घेऊन ते फॉन्ट बनवणाऱ्या मुलीकडे गेले. बायकोच्या अक्षरात रोज एक चिठ्ठी छापून फ्रिजवर लावायची, एवढंच त्यांना हवं होतं.

"काका, काकूंचं अक्षर कसं अंग चोरून उभं आहे! इवल्याशा लेबलावर अख्खं वाक्य मावेल."

"पाठकोऱ्या चिठोऱ्यांवर लिहायची ना. तिला जागा कमीच लागायची."

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला.

"फॉन्ट झालाय, काका. 'ज्ञ'सुद्धा सापडला, पण प्रश्नचिन्ह कुठेच नाही. सगळीकडे आपलं 'जेवण झाकून ठेवलंय', 'किल्ली शेजारी दिलीय'. काकू कधी काही विचारायच्याच नाहीत?"

"विचारायची की. पहिली दोन वर्षं नुसती प्रश्नचिन्हंच असायची. कधी येताय? जेवायला थांबू का? माझ्यावर रागावलात का?"

"मग त्या चिठ्ठ्या द्या ना मला!"



"त्या नाही ठेवल्या गं," घड्याळजी म्हणाले. "ठेवल्या असत्या, तर उत्तरं द्यावी लागली असती."